अक्काचा पैरा

अक्काच्या डब्यात एक हिरवी मिरची रोज जादा असायची. ती तिच्या जेवणातली नव्हे. झाकणावर वेगळी, देठासकट ठेवलेली. आमच्या लाइनवर त्या दिवशी जी कोणी 'थँक्यू' म्हणेल तिनं ती सगळ्यांसमोर खायची, असा तिचा कायदा होता. 'सॉरी'ला शिक्षा नव्हती, कारण सॉरी म्हणणाऱ्या बाईकडं अक्का अशी बघायची की मिरचीची गरजच उरत नसे.

मी कामाला लागले त्याच आठवड्यात ती मिरची खाल्ली. माझ्या मशीनची सुई मोडली होती, अक्कानं झटक्यात बदलून दिली आणि मी सवयीनं थँक्यू म्हणून गेले. दुपारच्या सुट्टीत सगळ्याजणी डबे सोडून माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. लवंगी होती. डोळ्यांतून, नाकातून धार लागली. अक्कानं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाली, "आता ध्यानात ऱ्हाईल. हितं कोण कुणावर उपकार करत न्हाय. हितं पैरा चालतोय."

मी कोल्हापुरात, पेठेत वाढलेली. शेत बघितलं ते एसटीच्या खिडकीतून. पैरा म्हणजे काय ते मला रुक्सानानं सांगितलं. ती माझ्या शेजारच्या मशीनवर कफ शिवायची आणि मी कॉलर. आज तू माझ्या रानात भांगलायला, म्हणजे तण काढायला ये, उद्या मी तुझ्या रानात येते. मजुरी नाही, हिशेब नाही, पण आलेला हात परत जायलाच पाहिजे. एवढंच. अक्का आयुष्यभर असंच भांगलत आली होती, आणि शर्ट शिवायच्या कंपनीत आल्यावर तिला काही वेगळं करायचं कारण दिसलं नाही.

आमची कंपनी एमआयडीसीत. अक्का आमच्या लाइनची सुपरवायझर. मी तिला पहिल्यांदा "तुम्ही" म्हणाले तर म्हणाली, "तुमी म्हणायला मी काय हितली तलाठी हाय?" तेव्हापासून "तू". तिचं माहेर निपाणीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून ती अक्का. हजेरीत तिचं नाव काहीतरी वेगळं होतं, पण ते नाव घेऊन कोणी हाक मारली तर ती मागं वळून कोण आलंय ते बघायची.

दिसायला कशी? नऊवार नव्हे, साधी गोल साडी, आणि तिच्यावर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, रानात जाणाऱ्या बायका घालतात तसा. कंपनीनं सगळ्या सुपरवायझरना निळे एप्रन दिले होते. अक्काचा एप्रन तिची म्हैस धुवायच्या कामी लागला. मॅनेजर साहेबांनी विचारलं तर छाती पुढं काढून म्हणाली, "ह्यो शर्ट हितलाच हाय सायब. रिजेक्ट झाल्याला. मी बी रिजेक्टच हाय, शोभतंय." गळ्यात शिट्टी. काळ्या दोरीत ओवलेली, मंगळसूत्राच्या बरोबरीनं लोंबणारी. हातकणंगल्याच्या अलीकडच्या गावातून ती जुन्या मोपेडवर यायची आणि जाताना मागं गवताचा भारा बांधून न्यायची. कंपनीच्या मागच्या मोकळ्या जागेतलं गवत कापायची परवानगी तिला कोणी दिली होती, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मशीनना तिनं नावं दिली होती, आणि सगळी सासरची. माझं मशीन थोरली जाऊ. रुक्सानाचं धाकटी नणंद. ओव्हरलॉक मशीन चुलत सासू, कारण ते कापतं आणि शिवतं दोन्ही एकदम. "धाकट्या नणंदंला तेल घाल ग, सकाळधरनं किरकिर लावलीया," असं अक्का भर लाइनवर ओरडायची आणि नव्या मुली दचकायच्या. महिला दिनाला कंपनी प्रत्येकीला एक गुलाब द्यायची. अक्का सगळ्यांचे गुलाब गोळा करून म्हशीला न्यायची. "वर्साचं एक फूल दित्यात, आणि संडासला जायला चिठ्ठी मागत्यात," म्हणायची. "म्हस तरी खाऊन दूध दील."

आता हे सगळं हसण्यासारखं आहे आणि आम्ही हसायचोही. पण त्या लाइनवर बहुतेक सगळ्या आयाच होत्या. कुणाचं अंगावर पिणारं, कुणाचं दहावीला बसलेलं. आईच्या दिवसात काय काय अडतं हे ज्याला माहीत आहे त्याला अक्काच्या पैऱ्याची किंमत कळेल. कुणाच्या पोराला ताप आला तर ती जेवणाच्या सुट्टीत घरी पळायची आणि तिच्या दोन्ही बाजूच्या बायका तिचं शिवायचं बंडल वाटून घ्यायच्या. संध्याकाळी शर्ट मोजले जायचे, ते कुणी शिवले हे कोणी मोजत नव्हतं. कुणाच्या गल्लीत पाणी आलं नाही तर दुसरी तिचा डबा आणायची. रुक्सानाची जुळी पोरं शनिवारी लवकर सुटायची, तर ज्या कुणाची सुट्टी असेल तिच्या घरी ती जेवून झोपलेली असायची. आणि हे सगळं मऊ आवाजात, डोळ्यांत पाणी आणून वगैरे नव्हे. "ए, तुझं पोरगं लय खातंय ग, पुढच्या बारीला तांदूळ घेऊन धाड," असं एकमेकींना ओरडून.

एकदा एका बाईनं घोळ केला. तिचा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा अक्का रविवारभर त्याच्या उशाशी बसली होती. बाईनं कौतुकानं एक जरीचा ब्लाउजपीस आणून अक्काच्या हातात ठेवला. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर गेटसमोर, सगळ्यांदेखत, त्या ब्लाउजपीसनं तिनं मोपेड पुसली. सीट, मडगार्ड, आरसा, सगळं नीट. ती बाई रडायला लागली. अक्का म्हणाली, "कापडानं पैरा फिटत न्हाय. तुझं हात कुठं गेल्यात?" पुढच्या रविवारी ती बाई दुसऱ्या एकीच्या सासूच्या उशाशी बसली, तेव्हा अक्काचा राग गेला.

मात्र अक्काचा स्वतःचा पैरा कोणालाच फेडता येत नव्हता. तिची एकच मुलगी, रानाच्या बांधावर झोळीत वाढलेली, ती सांगलीला नर्स झाली होती. नवरा कधीच वारलेला. घरात ती आणि म्हैस. आम्ही विचारायचो, अक्का, तुझं काय काम करू? ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे. साठवून ठेवलाय. लागंल तवा मागीन." आणि शिट्टी वाजवून आम्हाला मशीनवर बसवायची.

माझी मुलगी आठ महिन्यांची झाली तेव्हा मी कामावर परत आले. नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. मुलीला सासूबाई बघायच्या. त्या पावसाळ्यात नणंदेचं बाळंतपण निघालं, गगनबावड्याला. सासूबाई तिकडं गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "आता घरातच बस. पोरीपेक्षा नोकरी मोठी हाय काय?" मला नोकरी मोठी नव्हती. पण ती माझी होती. घराच्या भाड्यातला अर्धा भाग माझ्या कॉलरमधून निघत होता, आणि खरं सांगायचं तर मला ते मशीन आवडत होतं, त्या बायका आवडत होत्या. घरात बसायचं मला नव्हतं. रजा मात्र सगळ्या संपल्या होत्या.

अक्काला सांगितलं तर तिनं वर छताकडं बघितलं. "ह्यो लोखंडी अँगल हाय न्हवं? आण की पोरीला हिकडं." कापडाच्या ताग्यांच्या रॅकमागं एक कोपरा होता. तिथं तिनं स्वतःच्या जुन्या साडीची झोळी टांगली, दोनदा स्वतः लोंबकळून बघितली, आणि मग पोरीला आत घातलं. "बांधावर पाच बायका भांगलायच्या आणि सहावी झोळी हलवायची," म्हणाली. "वर ऊन, खाली इंचू. हितं तर पंखा हाय. ह्यास्नी काय अवघड हाय ते मला कळत न्हाय." पाळीपाळीनं एकेक बाई झोळी हलवून यायची आणि बाकीच्या तिचं बंडल पुढं ओढायच्या. एकही शर्ट कमी पडला नाही.

पण बाळ ते बाळ. एका सकाळी साहेब फेरीवर आले आणि ती ताग्यांमागून खदखदून हसली. साहेब रॅकमागं गेले, झोळी बघितली, आणि मला तिथं बोलावलं. "हा कारखाना आहे, पाळणाघर नव्हे. पुन्हा मूल आत दिसलं तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका." साहेबांच्या बरोबर पाठीमागं एक दार होतं. दारावर पाटी होती, पेंटरकडून रंगवून घेतलेली, बाजूला दोन फुलं काढलेली: पाळणाघर. आत मोडक्या खुर्च्या आणि रिकामे खोके. बाहेर कुलूप. अक्कानं ती पाटी मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. साहेब म्हणाले, "ती खोली कागदोपत्री आहे." आणि निघून गेले.

मग रुक्सानाच्या सासूनं माझी मुलगी सांभाळली. माझी त्यांची आधी ओळखही नव्हती. मी संध्याकाळी जाऊन त्यांच्या जुळ्या नातवंडांचा अभ्यास घ्यायची, पैरा फिटायचा. पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, महिनाअखेरीला. त्यानंतर माझ्याकडं कोणीच नव्हतं. मी अक्काला सांगितलं, महिना संपला की मी नोकरी सोडणार. अक्कानं कॉलर तपासत तपासत एवढंच म्हटलं, "पंधरा दिस थांब. सोडायला काय, कवाबी येतंय."

आणि त्याच आठवड्यात ऑडिट लागलं. आमचे शर्ट ज्या परदेशी कंपनीला जायचे तिची माणसं वर्षातून एकदा बघायला यायची: कामगारांना पाणी आहे का, दिवे आहेत का, आग लागली तर पळायला वाट आहे का. आणि पाळणाघर आहे का. ऑफिसात एक एचआर मॅडम होत्या, पुण्याच्या, तरुण, बोलायला फार गोड. त्यांनी मला आत बोलावून खुर्ची दिली. "तुमची छोटी मुलगी आहे ना? सोमवारी घेऊन या. छान फ्रॉक घाला. कोणी विचारलं तर म्हणायचं, रोज येते."

ज्या पोरीपायी मला हाकलणार होते तीच आता त्यांना पाहिजे होती. शोभेला. माझं डोकं फिरलं. बाहेर येऊन अक्काला म्हणाले, "मी नाही आणणार. काय करायचं ते करू देत."

"न्हाय कशाला म्हणतीस?" अक्का म्हणाली. "आणायची की! सायब सोता बोलवालाय. मान दिल्याला सोडू ने."

मला वाटलं, म्हातारी भ्याली. आयुष्यात इतकी मोठी चूक मी दुसऱ्या माणसाबद्दल केली नसेल. दुपारच्या सुट्टीत अक्का स्टुलावर चढली आणि शिट्टी वाजवली. जेवणाच्या सुट्टीत तिनं शिट्टी कधी वाजवली नव्हती. सगळ्यांचे घास हातातच राहिले.

"माझा पैरा हाय तुमच्यावर," ती म्हणाली. "आज मागतो." आमच्याकडं कैक बायका अशाच बोलतात, मी येतो, मी जातो. मॅडमना ते कधी सवयीचं झालं नाही. "सोमवारी जिच्या घरात शाळंत न जाणारं पोर हाय तिनं ते घेऊन यायचं. धुतल्यालं, न धुतल्यालं, कसंबी. कोण काय बोललं तर म्हणायचं, अक्कानं बोलिवलंय. बास."

सोमवारी ती खोली ओळखू येत नव्हती. खुर्च्या-खोके गेले होते, भिंतीला पिवळा रंग, फुगे, आणि खेळण्यांवर दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या. एक प्लॅस्टिकचा पाळणा होता, त्याची पिशवी अजून काढली नव्हती. मॅडमनी माझी आणि ऑफिसातल्या क्लार्कची, अशी दोनच मुलं सांगितली होती. गेटवर बघतात तर रांग. कडेवर, बोटाला धरून, एक जण तर फक्त चड्डीवर. एक पोरगी रिक्षातूनच रडत आलेली, ती आवाज चढवत आत शिरली. वॉचमन बाजूला झाला, कारण त्यातलं एक त्याचंच नातवंड होतं. साहेब पायऱ्यांवर आले आणि तसेच परत आत गेले.

ऑडिटला आलेल्या बाई चष्मेवाल्या, मध्यम वयाच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी दिवे बघितले, पाणी बघितलं आणि खोलीपाशी आल्या. आत गोंधळ होता. माझी मुलगी एका फुग्याला दात लावून बसली होती. बाईंच्या मागं साहेब, त्यांच्या मागं मॅडम. बाईंनी मला विचारलं, "ही रोज इथंच असते?"

नाही म्हणाले तर साहेबांची नाचक्की होती, पण ऑर्डरही जाणार होती, आणि ऑर्डरबरोबर रुक्सानाचं, ब्लाउजपीसवालीचं, सगळ्यांचं काम. हो म्हणाले तर उद्या दाराला कुलूप आणि माझी मुलगी पुन्हा रस्त्यावर, आणि ते मीच माझ्या तोंडानं सांगितलेलं. मी अक्काकडं बघितलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, रिजेक्ट शर्ट घालून.

"व्हय बाई," अक्का म्हणाली. "आजपासनं रोज. ही बी, आणि ही समदी बी. सायबांनीच सांगितलंय. इच्यारा की त्यास्नी."

बाई साहेबांकडं वळल्या. साहेबांनी अक्काकडं बघितलं, माझ्याकडं, चड्डीवाल्या पोराकडं. त्यांच्या कपाळावरचा घाम मला स्पष्ट दिसत होता, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

"हो," ते म्हणाले. "रोज."

"आणि सांभाळायला?" बाईंनी विचारलं.

"ह्या हायेत न्हवं," अक्कानं आमच्याकडं हात केला. "पाळीनं. पैऱ्यानं. लिवून घ्या."

बाईंनी हातातल्या टॅबवर काहीतरी टिपलं आणि पुढं गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोरं घेऊन गेटवर. खोलीला कुलूप. खेळणी दुकानात परत गेली होती. फुगे तेवढे राहिले होते, दाराच्या काचेतून दिसत होते. अक्का सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली, मी तिच्या मागं.

"किल्ली द्या."

"अक्का, प्लीज. साहेबांनी सांगितलंय, ते फक्त कालच्यापुरतं होतं."

"काल सायब म्हणालं रोज. ते काय आमी म्हणालो न्हाय. आमी का सायबाला खोटं पाडायचं?"

मॅडमच्या टेबलावर एका लहान मुलाचा फोटो होता. मी तो कितीदा तरी बघितला होता आणि कधी विचारलं नव्हतं. अक्कानं तो उचलला.

"तुझं हाय व्हय? कुठं अस्तंय?"

"पुण्याला. आईकडे." मॅडमचा आवाज एकदम बारीक झाला. "शनिवारी जाते मी."

"आणि हितं दुसऱ्यांच्या पोरास्नी कुलूप लावतीस," अक्का म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणूनच ते जास्त लागलं असावं. तिनं फोटो जागेवर ठेवला. "आण की त्याला बी. झोळीला काय, अजून एक अँगल हाय."

मॅडमनी ड्रॉवरमधून किल्ली घेतली, आमच्या पुढं चालत गेल्या आणि स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. पोरं आत घुसली. अक्कानं ते कुलूप मॅडमच्या हातातून घेऊन आपल्या शर्टाच्या खिशात टाकलं. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "थँक्यू, अक्का."

आमच्यातली कोणीतरी "आई ग्गं" म्हणाली. दुपारी मॅडमना बोलावणं गेलं. त्या आल्या, खोलीत जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि कायदा ऐकून घेतला. आम्हाला वाटलं, हसून सोडून देतील. त्यांनी देठ मोडला आणि अख्खी खाल्ली. पुण्याच्या बाईनं अख्खी लवंगी खाल्ली, हे आम्ही आजही नव्या मुलींना सांगतो.

त्यानंतर साहेबांनी कुलपाची चौकशी केली. "कुठलं कुलूप?" अक्का म्हणाली. नवं कुलूप आलं. ते लावायच्या आधीच नाहीसं झालं. तिसरं आलं, तेही गेलं. मग एकतर कंपनीतली कुलपं संपली किंवा साहेबांचा उत्साह. खोली चालू राहिली. दर दोन तासांनी एक बाई आत, बाकीच्या तिचं बंडल पुढं ओढणार. माझी मुलगी त्या पिवळ्या भिंतीला धरून चालायला शिकली. पुढं दिवाळीच्या आधीच मॅडमचा मुलगाही पुण्याहून आला. मॅडमची पाळी असली की त्या लॅपटॉप मांडीवर घेऊन आत बसायच्या आणि पोरं त्यांच्या ओढणीला लोंबकळायची. रुक्सानाच्या सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि मला नोकरी सोडावी लागली नाही.

अक्काची मात्र गेली. गणपतीनंतर कंपनीला एकाएकी वयाची अट आठवली. ती कधीच उलटून गेली होती म्हणे. मला राग आला. अजून येतो, हे लिहितानाही येतोय. आम्ही सगळ्या म्हणालो, गेटवर बसू, काम बंद पाडू. अक्का मोपेडवर गवताचा भारा बांधत होती.

"खुळ्या हायसा काय?" ती म्हणाली. "खोली राखा. मला राखायला म्हस हाय." आणि किक मारली.

पाडव्याच्या चार दिवस आधी तिचा फोन आला. अक्का फोनवर बोलते ते पलीकडच्या गावालाही फोनशिवाय ऐकू जाईल. "माझा पैरा ऱ्हायलाय. पाडव्याला म्हस सजवायची हाय. या."

मी म्हणाले, "अक्का, तुझा पैरा तर त्या सोमवारी फिटला."

"त्यो तुमचा तुमाला झाला," ती म्हणाली. "ह्यो माझा."

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून मिरवतात आणि मालकाच्या गाडीमागं पळवतात. गडी माणसं बुलेटवर, गाडीचा आवाज काढत, आणि म्हैस मागं दौडत. बाईनं म्हैस पळवलेली मी तरी बघितली नव्हती. आम्ही पहाटेच तिच्या गोठ्यात पोचलो, पोरांना घेऊन. कुणी शिंगं रंगवली, कुणी कवड्यांची माळ ओवली. मी आणि रुक्सानानं तिच्या ओसरीवरच्या जुन्या मशीनवर रिजेक्ट शर्टांची झूल शिवली. कडेनं सगळ्या माझ्या कॉलरी आणि रुक्सानाचे कफ. ब्लाउजपीसवालीनं घाबरत विचारलं, "अक्का, कापडानं पैरा फिटत न्हाय म्हणालीवतीस न्हवं?"

"हे कापड न्हाय," अक्का म्हणाली. "हे हात हायेत." आणि तिनं तिला मोरपीस लावायचं काम दिलं.

शेवटी अक्का आतून एक दोरी घेऊन आली. दोरीत ती तिन्ही कुलपं ओवलेली होती, तेलानं पुसून लख्ख केलेली. म्हशीच्या गळ्यात तिनं ती स्वतः बांधली.

रस्त्यावर गर्दी मावत नव्हती. बुलेटींच्या मधे अक्काची मोपेड फाटफाट करत निघाली, शर्ट वाऱ्यानं फुगलेला, तोंडात शिट्टी, आणि मागं कॉलरींची झूल घातलेली म्हैस मान उचलून पळत होती. आम्ही पोरं कडेवर घेऊन कडेनं धावत होतो, मॅडमसुद्धा, चपला हातात धरून. पोरसवद्या बुलेटवाल्यांनी हसून घेतलं. एका फेटेवाल्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "ओ अक्का, घंटी बांधायची सोडून कुलपं कशाला? कुलूप काय वाजतंय व्हय?"

अक्कानं मोपेड थांबवली नाही. शिट्टी तोंडातून काढली आणि मागं वळून ओरडली, "वाजतंय की पावणं! पार कंपनीपतोर ऐकू गेलंय!"

माझ्या कडेवरची माझी मुलगी म्हशीच्या गळ्याकडं बोट करून नाचायला लागली. मी तिला घट्ट धरलं आणि पळत राहिले, कारण म्हैस पुढं निघून चालली होती.